दौंडच्या लग्नाची सुपारी

आप्पा, तुम्हाला पत्र लिहायची मला सवय नाही. मी दौंडला मावशीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहून शिक्षिकेचं ट्रेनिंग घेत होते, तेव्हाही आपलं सगळं तोंडीच चालायचं. शिरूरच्या एस.टी.चा कंडक्टर तुमच्या बँडचा दोस्त. तो निरोप आणायचा आणि त्यात स्वतःचे दोन शब्द घालायचा. आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तो कंडक्टरही उरला नाही, म्हणून लिहायला बसले आहे. विषय तुम्हाला आवडेल असाच आहे, तुमचे लाल कोट.

दुष्काळाच्या आधी तुम्ही साऱ्या बँडला ते कोट शिवून घेतले. कापड दौंडच्या शेठच्या दुकानातलं, उधारीवर, लग्नसराईत फेडायचं ठरलेलं. मग दुष्काळ पडला, लोकांनी लग्नं दोन हारांवर उरकली, आणि कोट शिरूर-घोडनदीच्या आपल्या घरात खुंटीला लटकत राहिले. आई रोज ते झटकायची आणि रोज तुमच्याकडे बघायची. बऱ्याच दिवसांनी शेठनी ती उधारी वसुलीच्या माणसाकडे सोपवली. तो पहिल्यांदा आला ती सकाळ मला अजून लख्ख दिसते. मी दिवाळीच्या सुट्टीत घरी आले आहे, आई चुलीपाशी चहा गाळते आहे, आणि तो बगलेतली पिशवी सावरत दारात उभा आहे. "मास्तर," तो म्हणाला, कारण बँडमास्तर म्हणून सगळा तालुका तुम्हाला मास्तरच म्हणायचा, "लई जुनं झालंय. एकरकमी निम्मे टाका, बाकीच्यावर शेठ पाणी सोडत्यात. न्हाईतर सराईच्या आत मला वाद्यं उचलाय लागतील." तुम्ही त्याला बसायला पोतं सरकवलंत. "निम्मे असते तर तुमाला एवढ्या लांब कशाला यायला लावलं असतं? चहा घ्या." चहा घेतला त्याने, वर दोन चकल्याही खाल्ल्या, पण सराईची मुदत काही हलवली नाही.

वाद्यं गेली असती तर बँड संपला असता, हे सगळ्यांना कळत होतं. म्हणून आठवडाभराने तो दुसरा निरोप घेऊन आला तेव्हा घरात आनंदीआनंद झाला. शेठच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. बँडने दौंडला येऊन वरात फुकट वाजवायची, की सगळी उधारी माफ. मोठा ढोल वाजवणारे मामा "सुटलो बाबा" म्हणत भिंतीला टेकले. मीही म्हटलं, "आप्पा, मिटवून टाका की आता." आणि तुम्ही क्लॅरिनेट पुसायचं थांबवून म्हणालात, "न्हाई."

तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, त्या दिवशीही नाही. पण जे बोललात ते माझ्या अंगात अजून रुतून आहे. "माझा बाप गावकीत जलमभर फुकट हलगी वाजवत आला. त्याला कुणी उधारी म्हणलं न्हाई, रीत म्हणलं. धम्म घेतला तवा त्यानं हलगी खाली ठिवली. मी हे उचललं ते सुपारी घिऊन वाजवायला." मग वसुलीच्या माणसाकडे वळलात. "तुमचं निम्म्याचं बोलणं अजून हाय न्हवं? मग शेठना सांगा, सुपारी द्या. बाकीच्यांना लावतो तीच लावीन. त्यातनं तुमचे निम्मे मी देतो." तो बिचारा गोंधळून गेला. "आवो मास्तर, पैसा त्योच. हिकडनं तिकडं." तुम्ही म्हणालात, "त्योच असू द्या. मधी माझ्या हातात येऊ द्या."

मामा दोन दिवस तुमच्याशी बोलले नाहीत. पण सराईत बाकी बँड आधीच ठरलेले होते, त्यामुळे शेठनी मुकाट्याने निरोप धाडला, या, देतो. तुम्ही सगळे ढोल-ताशे एस.टी.च्या टपावर चढवून दौंडला आलात. मी मावशीबरोबर वरपक्षाच्या जानवसघरासमोरच्या ओट्यावर उभी राहून बघत होते. नवरदेव घोड्यावर, लाल कोट ओळीने उभे, आणि तुम्ही क्लॅरिनेट काखेत धरून शांत. शेठ म्हणाले, "वाजवा की, मागनं हिशोबात वळतं करून घेऊ." तुम्ही नुसते हसलात. घोडं पाय आपटायला लागलं, वरपक्षाची कुजबुज सुरू झाली, तेव्हा कुठे शेठचा हात आतल्या खिशात गेला. नोटा तुमच्या हातावर आल्या. तरी तुम्ही जागचे हलला नाहीत. "अन् सुपारी?" मग तो वसुलीवालाच धोतर सावरत पळाला आणि भटजींच्या ताटातली सुपारी उचलून आणली. ती नोटांवर ठेवल्यावर तुम्ही सगळं कोटाच्या खिशात घातलंत, बटण लावलंत आणि पहिलं गाणं असं उचललंत की मावशीसुद्धा टाळ्या वाजवायला लागली.

वरातभर तो माणूस तुमच्या खिशाला चिकटून चालत होता. तुम्ही डावीकडे झुकलात की तो डावीकडे, तुम्ही गिरकी घेतली की त्याचीही गिरकी. लोकांना वाटलं, मुलीकडचा कुणी हौशी पाहुणा आहे. त्यांनी त्याच्या डोक्यावर फेटा ठेवला, आणि वेशीपर्यंत पोचेतो तो खरोखरच नाचत होता. मांडवाच्या दारात तुम्ही बटण काढलंत आणि ठरलेले निम्मे त्याच्या हातावर ठेवलेत. उरलेल्यातून साऱ्या बँडला दौंड स्टेशनवर भजी खाऊ घातलीत. मामांनी सगळ्यांत जास्त खाल्ली. त्यांना तोंडभरून खाताना बघत तुम्ही मला म्हणालात, "एवढा येळ खिशात व्हते बघ. लई ऊब असती." त्या दिवशी मला तुमचा इतका अभिमान वाटला की सांगता आलं नाही, मी आपली भजीच खात राहिले.

हे पत्र मी कुठे टाकणार? घडी करून कपाटात ठेवीन. एक मात्र तुम्हाला सांगायचं आहे, मुलाला सांगितलं तर तो हसतो. माझं पेन्शन आता परस्पर बँकेत जमा होतं. मी दर महिन्याला जाऊन ते काढते, पर्समध्ये घालते, चेन लावते आणि बाजारातून एक चक्कर मारून येते. मग घरखर्चापुरते ठेवून बाकीचे त्याच खिडकीत परत भरते. काल तिथला नवा मुलगा म्हणाला, "बाई, आत्ता काढलेलेच भरताय की."

मी म्हटलं, "हो. जरा वरातीला नेले होते."