मागच्या रांगेतल्या पोरींची नावं

१४ नोव्हेंबर, आरमोरी
नऊ दिवस झाले. लिहीन लिहीन म्हणतो अन् पान उघडून झाकतो. लिहिलं की कबूल केल्यासारखं होते, म्हणून टाळलं. तर लिहितो. मोठ्याबाबाची, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची, वही मी हरवली.

गडचांदूरला नेत होतो, तिथं एकजण जुने कागद स्कॅन करून देतो. सावली गावाच्या अलीकडे कोंबडबाजार भरला होता. पाच मिनिटं म्हणून गाडी थांबवली. एक काळा कोंबडा असा लढला की... दोन तास गेले. परत आलो तर कॅरियरवर नुसतं रबर लोंबत होतं.

मोठीआईला, म्हणजे काकूला, सांगितलं नाही.

१५ नोव्हें.
मोठेबाबा (मो.बा.) टुरिंग टॉकीजचे ऑपरेटर होते, तिथं सगळे त्यांना माधवबाबू म्हणत. हिंदी पिक्चरचे डबे वेळेवर आले नाहीत की मालक नागपूरहून इंग्रजी नाचगाण्याचे जुने डबे उचलून आणे. बोलणं कोणाला कळत नसे, नाच सगळ्यांना कळे. शिट्ट्या पडल्या की रीळ मागं घेऊन तोच नाच पुन्हा. हिरोला जाहिरातीच्या भोंग्यावर ‘लंबी टांग’ म्हणत, हिरोईनीला ‘काचबाई’. गावाला तेवढं पुरे.

मो.बा.ला मागच्या रांगेतल्या पोरी आवडत. डावीकडून तिसरी. जिन्यावरची. नावांच्या पाटीची फिल्म बल्बासमोर धरून त्यांची नावं अक्षर-अक्षर वहीत उतरवलेली. खाली डब्यांसोबत आलेल्या इंग्रजी कागदांतली माहिती: हिच्या बुटातून रक्त आलं तरी हसत राहिली. हिनं गाणं म्हटलं, तोंड काचबाईनं हलवलं. बुटांची टकटक मागाहून रेकॉर्ड करत, नाचणारे पुन्हा पडद्यासमोर उभे राहून नाचत.

उन्हाळ्यात मो.बा.ला लकवा मारला. बोलणं गेलं, जेवणही सुटत चाललं होतं. एकदा मी सहज वहीतलं नाव वाचलं अन् त्यांनी तोंड उघडलं. तेव्हापासून हेच. एक नाव, एक घास. दोन वेळचं जेवण त्या पोरींच्या भरवशावर.

आता पाठ आहेत ती सहा नावं. सहा घासांत माणूस जगते का?

१७ नोव्हें.
मोबाईलवर शोधलं. मोठ्या नट-नट्या ढिगानं. एकीनं चार लग्नं केली, ते वाचण्यात अर्धा तास गेला, मी असाच. मागच्या रांगेतल्या कुठंच नाहीत. हिरोचं नाव वाचलं, मो.बा.नं मान फिरवली.

मग माझी जुनी भूगोलाची वही पुढं धरली अन् मनानं नावं रचली. पहिल्याला तोंड उघडलं. घास घेतला. मग माझ्याकडं पाहत राहिले अन् घास बाहेर काढून टाकला. पेज हनुवटीवरून गळ्यात.

मोठीआई: "आज काऊन अटकून अटकून वाचून राह्यला? बारावी नापास हायेस ते ठाऊक हाय मले, पन आधी त बराबर वाचत होता."
"अक्षर फिकं झालं."
"मंग डोक्श्याले चष्मा लाव."

१९ नोव्हें.
डॉक्टर म्हणाले, वजन फार उतरलं. आठ दिवस पाहू, नाहीतर नाकातून नळी. मो.बा.नं ऐकलं. डोळे मिटले ते दवाखान्यातून घरी येईपर्यंत उघडले नाहीत. मोठीआई भाड्याच्या गाडीत त्यांचा हात धरून होती. मला म्हणाली, "तू हायेस म्हनून निभलं बाबू."
उत्तर द्यायचं होतं. टायरात हवा कमी आहे म्हणालो.

२० नोव्हें.
कोंबडबाजाराच्या जागी जाऊन आलो. नुसती पिसं. तिथल्या पानठेल्यावाल्याला विचारलं. "लोकं कोंबडे नेतेत भाऊ, वही कोन नेते?" नाल्यात, झुडपात, सगळीकडे पाहिलं. परतताना रस्त्यात धान कापायचं मशीन चाललेलं दिसलं, थांबून पाहत बसलो. मी सुधरणार नाही.

२२ नोव्हें., मुलचेरा
टॉकीजचे गेटकीपर हरेनबाबू इकडच्या निर्वासित वसाहतीतले बंगाली. त्यांना नावं ठाऊक असतील म्हणून दीडशे किलोमीटर गाडी हाणली. ते जाऊन पाच वर्षं झाली.

मग बाजारात दिसेल त्याला विचारत सुटलो. मासेवाल्या, चहावाला, सायकलवाला. स्पष्टच सांगितलं: वही मी हरवली, मोठेबाबा जेवत नाहीत, इंग्रजी पिक्चरात मागं नाचणाऱ्या पोरींची नावं कोणाला आठवतात का. घरी सतरा दिवस जे तोंडातून निघालं नाही, ते इथं दहादा बोललो. चहावाला म्हणे, "आगे नाचनेवाली का याद नहीं रहता दादा, तुम पीछेवाली पूछता है." सगळे हसले. मीही. नंबर अन् घराचा पत्ता ठेवून आलो.

२४ नोव्हें.
सहापैकी दोन नावांनाच तोंड उघडलं. बाकीच्यांनाही कंटाळले की मला, कळत नाही. दोन घास सकाळी. रात्री एकही नाही. मनगट हातात घेतलं तर माझी बोटं पूर्ण फिरून आली.
उद्या मोठीआईला सांगतो. उद्या नक्की.

२५ नोव्हें., सकाळ
सांगायची वेळच आली नाही. घराच्या कडेला सांधवाडीत लपून घाईनं लिहितो आहे. आत्ता काळीपिवळीतून एक म्हातारी उतरली. पांढरी साडी, हातात छत्री, श्वास लागलेला. हरेनबाबूची बहीण. हरेनबाबूला बहीण आहे हेच मला ठाऊक नव्हतं. मोठीआई अंगणात धान वाळवत होती. तिनं पाण्याचा गिलास पुढं केला, तो म्हातारीनं घेतला नाही.

म्हणाली, "माधवबाबू को इंग्रेजी कहाँ आता था. वो बत्ती पकडता था, लिखती मैं थी. पूरा कॉपी मेरे हाथ का है. किसने गुमाया?"

मोठीआई आधी तिच्याकडं पाहत राहिली. मग हळूच वळून मला शोधायला लागली. म्हातारीच्या आवाजासरशी आत मो.बा.ची खाट वाजली.