मंडपाची जागा

मंगळवार, नांदेड

विजेच्या रिक्षांचा चार्जर कचेरीच्या आवारात बसवायचं मीच ठरवलं. का? उद्घाटनाचा मंडप तिथंच मावत होता. रिक्षावाले गौतममामा तेव्हाच म्हणाले होते, "साहेब, दवाखान्यापाशी बसवा. आमच्या रिक्षा दिवसभर तिथंच उभ्या असतेत." पण तिथं मंडप कुठं घालणार?

रविवारी त्यांच्या वस्तीवर लाइट नव्हती. चार्जिंगला आले, तर आवाराला कुलूप. सोमवारी सकाळी सुनेला कळा सुरू झाल्या आणि नायगाव रस्त्यावर रिक्षा बंद पडली. सून वाचली, बाळ गेलं.

आज मामा भेटले. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं, "साहेब, त्या कुलपाची चावी कुणापाशी राहती?"

मला माहीत नाही. मंडपवाल्याचा नंबर मात्र अजून फोनमध्ये आहे.