नखीखालची काजळी

प्रिय सूनबाई,

तुझं पत्र येऊन सव्वा महिना झाला. त्यानंतर मी तुला दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा नळ गळतो, गुडघा धरलाय, शेजारणीची मांजर आपल्या खिडकीत व्यायली, असलं काहीबाही लिहून पानं भरली. तू काही दूधखुळी नाहीस. म्हातारा मुद्द्याला बगल देतोय हे तुला कळलंच असेल. चिमणीला शाळेत कुणी तरी म्हणालं की तुझे बाबा भित्रे होते म्हणून मेले, आणि पोरगी घरी येऊन जेवलीच नाही. त्या पत्रात तू मला एकच गोष्ट विचारली होतीस: "बाबा, तुम्ही त्याला जन्मापासून ओळखता. खरंच घाबरला होता का हो तो?" ते वाचून मी पत्राची घडी घातली आणि, खोटं कशाला बोलू, उठून चहा केला. 

परवा इथे पोलिसांच्या नव्या भरतीचा नेमबाजीचा सराव झाला. सरावाला पुन्हा तीच स्वस्तातली काडतुसं आली आहेत. उडतात, नाही असं नाही, पण धूर असा की चुलीत ओली लाकडं कोंबावीत, आणि शंभर गोळ्या झाल्या की पिस्तुलाच्या आत नुसती काजळी. सरावाची पिस्तुलं कुणा एकाची नसतात, ती माझ्याकडेच येतात; शस्त्रागारात माझ्या टेबलाशी मी एकेक उघडून पुसत बसलो होतो. वरचा सरकता भाग काढायचा, नळी वेगळी करायची, गजाला चिंधी गुंडाळून आरपार फिरवायची. पहिली चिंधी काळीकुट्ट, चौथी-पाचवी करडी, आणि पांढरी निघेपर्यंत थांबायचं नाही. खिडकीबाहेर प्रशिक्षक पोरांना ओळीत उभं करून सांगत होता की ऐन वेळी हातपाय गाळले की काय होतं, आणि उदाहरण म्हणून त्याने आपल्या टिल्लूचं दिलं. मी आत आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. माणूस वाईट नाही तो. चौकशीच्या अहवालात जे लिहिलंय तेच बिचारा सांगत होता. मला मात्र त्यानंतर एकही पिस्तूल पुसवलं नाही.

सहा फुटांचा झाला तरी आम्ही त्याला टिल्लूच म्हणत राहिलो, आणि लग्नाच्या दिवशी ते नाव पहिल्यांदा ऐकून तुला हसू आवरेना, आठवतं? त्याची आई गेल्यावर शाळा सुटली की तो थेट माझ्या टेबलाशी यायचा. जुन्या बनियनच्या चिंध्या कापून द्यायचा, सगळ्या एका मापाच्या. कात्री चालली की बाहेर काढलेली जीभही चालायची. मी त्याला माझे दोन नियम तिथेच शिकवले. पहिला, ज्यानं झाडलं त्यानंच पुसायचं, दुसऱ्याच्या हातावर कधी भरवसा टाकायचा नाही. दुसरा नखीचा. गोळी सुटली की मागे राहिलेली पुंगळी ओढून बाहेर फेकणारी एक एवढीशी पोलादी नखी असते. तिच्याखाली काजळी दाटली की ती पुंगळीवरून घसरते, पुंगळी नळीतच अडकते आणि पुढची गोळी आत जात नाही. चिंधी तिथे पोचत नाही, बारीक टोकाच्या काडीनं खरवडावं लागतं. दहा वर्षांचा असताना तो हे माझ्यापेक्षा चांगलं करायचा, कारण डोळे त्याचे तेज होते.

आता तो गेला त्या आठवड्याचं सांगतो. तुला ते अर्धंच माहीत आहे. चिमणीचा वाढदिवस होता. सकाळी त्याने असल्याच काडतुसांचा सराव केला होता आणि पुसायला बसला तर त्याला घरी पोचायला उशीर झाला असता. मीच म्हटलं, आण इकडे, मी पुसतो, पोरगी वाट बघत असेल. माझा नियम मीच मोडला. दारातून तो वळून म्हणाला, "बाबा, नखीखालचं तेवढं बघा हं. आज काजळी फार आहे." मी म्हटलं, "बापाला शिकवतोस?" तो हसला आणि फुग्यांची पिशवी घेऊन पळाला. मला मात्र ते लागलं. तेहेतीस वर्षं हे काम करतोय, आणि कालचं पोर मला नखी दाखवतंय. चिंधी पांढरी निघाली होती. काडी समोरच पडली होती. ती मी मुद्दाम उचलली नाही. तेल लावलं, पिस्तूल बंद केलं आणि वहीत "साफ" लिहून सही केली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी गोदामांच्या गल्लीत काय झालं ते तुला पाठ आहे. त्याचा जोडीदार लांब भिंतीच्या आडोशाला होता. त्याने जे पाहिलं तेच सांगितलं, की टिल्लूनं एक गोळी झाडली आणि मग मान खाली घालून हातातल्या पिस्तुलाकडे बघत उभा राहिला, हात थरथरत होते, आणि तेवढ्यात समोरच्या गुंडानं नेम धरला. चौकशीवाल्यांनी पिस्तूल तपासलं, त्यातून वीस गोळ्या झाडल्या, एकदाही अडकलं नाही. झाडलेल्या गोळीची पुंगळी गल्लीत सापडली नाही, गटारात गेली असेल असं लिहून मोकळे झाले. हत्यार निर्दोष, म्हणजे माणूस घाबरला. सरळ हिशेब.

त्या दिवशी दवाखान्यातून मी घरी आलो नाही. तू मनात म्हणाली असशील, सासरा कुठे तोंड लपवून बसला. खरंच लपवून बसलो होतो. घरी तू होतीस, चिमणी होती, भिंतीवरचे फुगे अजून पुरते बसले नव्हते. मी शस्त्रागारात जाऊन बसलो आणि तिथेच कुणी तरी त्याचं पिस्तूल पिशवीत आणून दिलं. मॅगझीन जागेवरच काढलेलं होतं, पण घाईत आत कुणी डोकावलं नव्हतं. सकाळी तपासणीची माणसं येईपर्यंत पिशवी उघडायची नव्हती. पण जित्याची खोड, पोरी. समोर पिस्तूल आलं की माझे हात मला विचारत नाहीत. मी ते उघडलं आणि नळीत गज घातला. गज मध्येच अडला. जरा जोर दिला तशी रिकामी पुंगळी टेबलावर पडली. तिच्या कडेवर नखी घसरल्याचा ओरखडा होता. मी दिव्याखाली धरून बराच वेळ तो ओरखडा बघत राहिलो.

इथवरचं हातांनी केलं असं म्हणता येईल. पुढचं मी केलं. पुंगळी मी खिशात घातली. त्या दिवशी न उचललेली काडी उचलली आणि नखीखालचं सगळं खरवडून काढलं. त्याचं रक्त लागलं होतं तिथे मात्र हात लावला नाही, कुणाला संशय येऊ नये म्हणून. एवढी अक्कल शाबूत होती माझी. मग पांढरी चिंधी निघेपर्यंत पुसलं आणि पिशवी होती तशी बंद केली. दोन वर्षं मूग गिळून बसलो. लोक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, जाऊ द्या काका, घाबरतं माणूस. आणि मी मान डोलवायचो.

ती पुंगळी औषधाच्या डबीत आहे. उद्या दहा वाजता ती घेऊन मी मोठ्या साहेबांपुढे उभा राहणार आहे. जबाब लिहून झाला, सही केली. पुढल्या महिन्यातला माझा निरोप समारंभ बहुतेक आता होत नाही, आणि पुढे ते काय करतील ते करोत. पण त्यांच्याआधी तुला कळायला हवं होतं, आणि तेही माझ्याकडून, म्हणून हे पत्र. तुझ्या प्रश्नाचं उत्तर, नाही. तो घाबरला नव्हता. हात थरथरत नव्हते, तो सरकता भाग मागे ओढत होता, पुन्हा पुन्हा, मी शिकवलं होतं तसा. पळायला मागे अख्खी गल्ली मोकळी होती आणि तो जागचा हलला नाही. हे चिमणीला सांग, आजच सांग. तिच्या बाबांचं पिस्तूल अडकलं, कारण ज्यानं ते पुसलं त्यानं नीट पुसलं नाही. तो कोण, असं ती विचारेलच. त्याचं काय उत्तर द्यायचं ते तू ठरव.

तुझाच,
अजूनही म्हणवत असेल तर,
बाबा