अर्जातली बायको

दि. ३ मार्च, संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटे

ती. ताईस शि. सा. न.

कारखान्यातून आलो, हात दोनदा धुतले आणि खोलीतल्या एकुलत्या एका टेबलावर सरकारी पाकीट उघडलं. वाचून तसाच घाईने लिहायला बसलो. अक्षर बिघडलं तर रागावू नकोस.

या देशात कायम राहण्याच्या परवान्यासाठी मी सहा महिन्यांपूर्वी अर्ज केला, ते तुला ठाऊक आहे. त्यात वैवाहिक स्थितीपुढे चार चौकटी होत्या : अविवाहित, विवाहित, विधुर, घटस्फोटित. नुसतं लग्न ठरलेल्या माणसाला एकही चौकट नव्हती. अर्ज वाचायला वर्ष लागतं, असं रांगेतले सगळे म्हणत होते. आम्ही सुतार दार बसवताना ओल लागून लाकूड फुगणार हे धरून आधीच फट ठेवतो. मीही तसंच केलं. वर्षभरात लग्न होणारच, म्हणून ‘विवाहित’वर खूण केली. खाली तू ठरवलेल्या मुलीचं नाव आणि ती औषधं देते त्या दवाखान्याचा पत्ता लिहिला.

अर्ज सहा महिन्यांतच वाचला गेला! आता एकवीस दिवसांत लग्नाचा दाखला पाठवा, नाहीतर लेखी दुरुस्ती करा; दोन्ही न केल्यास अर्ज रद्द, असं लिहून आलं आहे. ताई, दाखला कुठून आणू? आणि ‘अविवाहित’ लिहिलं तर तिच्या घरच्यांना वाटेल, मी शब्द फिरवला. तिला यातलं काही कळू देऊ नकोस.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा भाऊ

दि. ९ मार्च

चि. मोजपट्टीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र हाती पडायच्या आधीच तुझी ‘बायको’ माझ्या दारात उभी होती. पत्ता तूच दिलास ना, शहाण्या? त्या कचेरीने तिलाही पत्र धाडलं, थेट दवाखान्यात, तुझी पत्नी म्हणून. डॉक्टरीणबाईंनी रांगेतल्या सगळ्या पेशंटसमोर तिचं अभिनंदन केलं. ती मला म्हणाली, की माझं लग्न झालं आणि मलाच साधं जेवायलाही बोलावलं नाही. आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग तिने डोळे पुसले आणि तुझा पत्ता मागून घेतला.

आता तुझे कान उपटते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो हे ऐकलं होतं, सरकारी अर्जाला बांधलेलं पहिल्यांदाच पाहिलं. एक बिजागरी तीनदा तपासणारा तू! खोटा दाखला बनवून देणारा कोणी भेटला, तर त्याच्या वाऱ्यालाही उभा राहू नकोस. अर्ज बुडाला तर तुझी पाच वर्षं पाण्यात. खरं काय ते लिही. तिच्या वडिलांना मी समजावते. तिला समजावणं मात्र माझं काम नाही. ती स्वतःच लिहिणार आहे, सांभाळून वाच.

वेळेवर जेवत जा. माझा लोभ आहे, तोही तू गृहीतच धरला असशील.

तुझी ताई

दि. १० मार्च

स. न. वि. वि.

मायना काय लिहावा, सुचलं नाही. कचेरीच्या हिशेबाने तुम्ही माझे पती. मी तुम्हाला पाहिलं आहे ते एकदाच, पाऊण तास, तेही चौघांच्या देखत.

रागावले नाही असं नाही. चार दिवस झाले, खोकल्याचं औषध न्यायला येणारे म्हातारेही मला नवऱ्याची खुशाली विचारतात.

पण खरं सांगते. माझ्या वडिलांनी होकार दिला, तुमच्या ताईंनी दिला, आता सरकारही तयार आहे. मला मात्र अजून कोणी विचारलेलंच नाही. त्या बैठकीत मला एवढंच विचारलं गेलं, की दवाखाना किती वाजता बंद होतो. तुम्ही बेलाशक ‘अविवाहित’ लिहा. शब्द फिरवलात असं मी समजणार नाही. माझ्याशी शब्द झालेलाच नाही.

उत्तर आलं तर वाचीन.

दवाखान्यातली

दि. १८ मार्च, सकाळचे नऊ वाजून पाच मिनिटे

स. न. वि. वि.

कचेरीच्या पायरीवर बसून लिहितो आहे. दुरुस्ती आत्ताच देऊन आलो. खिडकीतल्या बाईंना चूक कबूल केली. त्या म्हणाल्या, की बायको लपवणारे रोज येतात, नसलेली लिहून देणारा पहिलाच. मग शिक्का मारला. अर्ज बुडता बुडता वाचला.

तुमचं पत्र सात वेळा वाचलं. तुम्हाला न विचारता तुमचं नाव लिहिलं, ही चूक त्या खिडकीत दुरुस्त होत नाही, म्हणून इथे करतो. मी आठवीपर्यंत शिकलो. दारं चांगली बसवतो. घोरतो, असं खोलीतला सोबती म्हणतो. माझ्याशी लग्न कराल का? हवा तेवढा वेळ घ्या. नाही म्हणालात तर ताईला मी सांगेन, तुम्हाला कोणी बोलणार नाही.

लोभ असावा असं म्हणण्याइतकी अजून ओळख नाही, म्हणून नुसता नमस्कार.

आपला
अविवाहित

ता. क. काही लपवायचं नाही, म्हणून खर्चही कळवतो. दुरुस्तीची फी, दोन दिवसांची मजुरी. फोटो, अर्ध्या दिवसाची. आजची रजा, एका दिवसाची. पुढे स्थिती बदलली तर तेवढीच फी पुन्हा भरावी लागते, असं बाईंनी बजावलं, म्हणून मुकादमाकडून दोन दिवसांची उचल घेऊन ठेवली आहे. हीही घाईच झाली, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. तुमचा नकार आला तर त्याच दिवशी परत करीन.