पाच व्होल्टचा पट्टा

प्रिय ज्ञानेश,

फोन सोडून ताईला पत्र लिहायची हौस कुठून आली, म्हणून हसशील. पण फोन लावला की करिश्मा कानाशी येऊन बसते. म्हणून हे पप्पूच्या दुधाच्या टेम्पोतून यवतला तुझ्या दुकानावर पाठवतेय.

आधी पट्ट्याचं सांगते. बिबट्यानं शेजारच्या वस्तीवरचं वासरू नेलं. गावातली पोरं घोळक्यानं शाळेत जातात, पण आमच्या वस्तीवरून जाणारी करिश्मा एकटीच, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस. ह्यांची कंपनीत पहिली पाळी, पहाटेच निघतात. मला सातवा महिना, डॉक्टरांनी चालणं बंद केलंय. गावात पिंजरा लावलाय, त्यात आजवर एक मांजर सापडलंय! म्हणून मीच गळ्यातला पट्टा करायला घेतला. बटण दाबलं की दिवे लुकलुकणार, बझर कोकलणार. त्यांना हवेत पाच व्होल्ट, बॅटरी नऊची. डिप्लोमाचं आठवून दोन रेझिस्टर लावले. मीटरवर बरोब्बर पाच आले, पण बझर जोडताच व्होल्टेज पार खाली बसलं. मग तीन पायांचा रेग्युलेटर लावला, तर तो तापून पोरीच्या मानेवर लाल वण उठला. सासूबाई म्हणाल्या, "बिबट्या ऱ्हायला बाजूला, तूच भाजशील पोरीला." शेवटी तू दिलेला छोटा कन्व्हर्टर बसवला, त्याचा बारका स्क्रू फिरवत पाचावर आणला. अजिबात तापला नाही, आणि असा वाजला की कोंबड्या उधळल्या.

करिश्मा नाचायलाच लागली. उद्यापासून एकटी शाळेत जाणार म्हणाली. आणि मला तिला पाठवायचं धाडसच होईना. पट्टा होत नव्हता तोवर तिला घरी ठेवायला सबब तरी होती रे. ती आंघोळीला गेली तेव्हा मी तो स्क्रू उलटा फिरवला. व्होल्टेज दोनावर आणलं, पट्टा गप्प झाला. म्हटलं, बिघडला म्हणेन, अजून चार दिवस राहील घरी.

आज सकाळी तिनं बटण दाबून बघितलंच नाही. मी दूध तापवत होते, तेवढ्यात पट्टा घालून गेलीसुद्धा. न वाजणारा पट्टा घालून माझी पोर उसात शिरली होती, आणि आईनं केलाय म्हणजे वाजणारच, असं तिला वाटत होतं. पोट धरून पळाले. ओढ्यापाशी बोरं वेचत होती. मला बघून म्हणाली, "आई, घाबरली व्हय? पट्टा हाय की माझ्याकडं."

म्हणून हे लिहिलं. पट्टा पुन्हा पाचावर आणलाय, पण माझा मलाच भरवसा वाटत नाही. रविवारी ये आणि करिश्माला खुटबावला तुमच्या घरी घेऊन जा. तिथल्याच शाळेत घाल. तुझी प्रतिभा कधीची मागतेय तिला, लेक म्हणून वाढवते म्हणते, मीच सोडत नव्हते. करिश्माला मात्र ऊस तुटेपर्यंतच, असं सांग. ऊस पुढच्या वर्षीही असणार, हे तिला अजून कळत नाही. मला कळतंय.

तुझीच,
रुपाली ताई