बारा जूनची रजा

७ डिसेंबर, संध्याकाळ

बारा जूनची रजा! काय डोंबल करू मी बारा जूनला?

रजेच्या अर्जात मी ०६/१२ लिहिलं. शाळेपासून आपण आधी दिवस, मग महिना असंच लिहितो. ऑफिसच्या नव्या परदेशी सॉफ्टवेअरने ते उलटं वाचलं आणि पुढच्या जूनची रजा मंजूर झाली. काल मी आईबरोबर चैत्यभूमीला येणाऱ्यांना पाणी वाटत होते आणि इकडे माझी बिनपगारी गैरहजेरी लागली.

आज मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणतो, “मॅडम, इंग्लिशमध्ये डेट नीट लिहायला शिका. सिक्स्थ डिसेंबर लिहायचं ना!”

बरं, चुकलं माझं. पण मंजुरीचं बटण तर यानेच दाबलं! दर वर्षी न चुकता मी हीच एक रजा मागते. बारा जून बघून याला एकदाही विचारावंसं वाटलं नाही? वर माझ्या शेजारच्या टेबलावरची स्नेहा सांगत होती, काल दादरच्या गर्दीत गाडी अडकली म्हणून हा स्वतःच उशिरा आला आणि दिवसभर त्या गर्दीच्या नावाने बोटं मोडत होता.

बारा जून म्हणे! घरी आल्या आल्या आईला सगळं सांगितलं. कालच्या उभं राहण्याने तिचे पाय सुजलेत, ती गरम पाण्यात पाय सोडून बसली होती. तिने फक्त एवढंच विचारलं, “मग काल ती एवढी माणसं काय बारा जूनला आली होती?”