चौथा कोपरा

बाबा, तो कोपरा मी कापला नव्हता. हे मी तेव्हाही सांगितलं होतं, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून, रडत, फ्रॉकच्या बाहीला नाक पुसत, आणि तुम्ही समोर पाटावर बसून सुपारी कातरत होतात. आज परत सांगते, कारण आज मला ठाऊक आहे की तुम्हालाही ते ठाऊक होतं. तुम्हाला जाऊन सत्तावीस वर्षं झाली. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. काहून नाही रागावायचं? जिवंतपणी तुम्ही संधी कुठं दिलीत? आवाज कधी चढवला नाही, हात कधी उगारला नाही, शेजारच्या बाया नवऱ्यांना तुमचा दाखला द्यायच्या. असल्या माणसावर रागवायचं तर पुरावा लागतो. तो मला गेल्या वर्षी मिळाला, तोवर मी साठी ओलांडली होती.

आधी चांगलं ते सांगून टाकते, म्हणजे नंतर भीड पडायची नाही. गांधीबागेतल्या ठोक कापडाच्या दुकानात तुम्ही माल तपासायचात. मिलमधून आलेल्या गठ्ठ्यातलं एकेक थान उलगडायचं, डाग-छिद्र पाहायचं, आणि माल पसंत पडला की कोपऱ्यातून नखाएवढा त्रिकोण कापून नमुन्याच्या वहीत चिकटवायचा, खाली त्याचं नाव लिहायचं. त्यासाठीची छोटी कैची काळ्या दोरीला बांधून सदऱ्याच्या खिशात असायची. "थानाची जात कोपऱ्यात समजते," असं तुम्ही म्हणायचात, आणि आई म्हणायची, "ह्यायचं काही खरं नाही, पोळी वाढली तरी कोपराच शोधतीन." थानांवर चिकटवलेली रंगीत लेबलं तुम्ही माझ्यासाठी सोडवून आणायचात, पाण्याचा हात लावून, न फाटता. सोनेरी काठाचे मोर, सोंड उचललेले हत्ती, कमळावरची लक्ष्मी. वह्या बांधणाऱ्याकडून अबरीच्या कागदाच्या चिंध्याही आणायचात, ज्याच्यावर निळ्या-तांबड्या रंगांचे वळसे असतात तो कागद. मी ते सगळं पत्र्याच्या डब्यात जपायचे. दिवाळीच्या आधी आठ दिवस मी मैद्याची खळ शिजवायची, कसर लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचं, आणि साध्या पोस्टकार्डांवर अबरीच्या पट्ट्यांची चौकट, मधे लेबलातलं चित्र, खाली चार ओळी, अशी कार्डं करायची. तुम्ही दुकानातून आलात की एकेक कार्ड खिडकीच्या उजेडात धरायचात. काही बोलायचा नाहीत. एखादंच बाजूला काढून म्हणायचात, "हे जमलं." शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी माझं तोंड भरून कौतुक केलं, मला एलिमेंटरीच्या परीक्षेला बसवा असा निरोप धाडला, तरी त्या तुमच्या दोन शब्दांपुढे मला ते फिकं वाटलं होतं. इतकी मी येडी होते.

मी नववीत होते त्या वर्षी दसऱ्यानंतर ताईचं साक्षगंध झालं. मुलगा अमरावतीचा, शाळेत मास्तर. ताईला तो मनापासून आवडला होता. त्यानं साक्षगंधाच्या दिवशी तिला काय विचारलं होतं ते ती मला रोज नव्यानं सांगायची. लग्न मार्गशीर्षात धरलं होतं. दिवाळीचं एक कार्ड अर्थातच अमरावतीला जाणार होतं, आणि त्यासाठी मी माझ्याजवळचं सगळ्यात चांगलं लेबल काढलं, निळ्या जमिनीवरचा मोर, सोन्याचा काठ. वर्षभर हात न लावता ठेवलं होतं ते. काठ मी कार्डाच्या चारही कोपऱ्यांपर्यंत नेला. ताईनं अक्षर तपासलं. शुभाचं पत्र म्हणून आईनं चारही कोपऱ्यांना हळद-कुंकवाचं बोट लावलं. चारही कोपऱ्यांना, बाबा. मी तिच्या हाताखालीच बसले होते. सकाळी तुम्ही सगळी कार्डं खिडकीशी पाहिलीत, ते एक बाजूला काढलंत, "हे जमलं" म्हणालात, आणि दुकानात जाताना टपालात टाकतो म्हणून गठ्ठा घेऊन गेलात. त्यानंतर ते कार्ड मी पाहिलं नाही.

अमरावतीला काय झालं ते मामानं येऊन सांगितलं, कारण सोयरीक त्यानंच जुळवली होती. दिवाळीची पोस्त मागायला हसत येणारा पोस्टमन त्यांच्या फाटकाबाहेरच थांबला, मान खाली घातली आणि कार्ड हातात न देता ओट्याच्या कडेला ठेवून निघून गेला. कार्डाचा कोपरा कापलेला. आता पोरांना सांगावं लागतं, पण तेव्हा लहान मूलही जाणत होतं, कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेलं. ते घरात नेत नाहीत, बाहेरच वाचायचं, फाडायचं, आंघोळ करायची. मुलाच्या आईचे वडील गावी आजारी होते. तिनं कार्ड वाचायची वाट पाहिली नाही. चुलीवरची अनारशाची कढई उतरवली, हंबरडा फोडला, डोक्यावरून पाणी घेतलं. मग मुलाच्या वडिलांनी चष्मा शोधून कार्ड वाचलं, तर त्यात मोर, आणि दिवाळीच्या शुभेच्छा. तरीही त्यांनी ते फाडून टाकलं. एवढ्यावर भागलंही असतं कदाचित, माणसं वाईट नव्हती. पण नवव्या दिवशी ते म्हातारबाबा खरंच गेले. ऐंशी उलटलेला, दम्यानं बसून झोपणारा माणूस. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. पण हे त्या घराला कोण पटवणार? त्यांनी सोयरीक मोडली, मामाकडे नारळ परत पाठवला.

त्या दुपारचं सगळं मला अजून दिसतं. मामा भिंतीला टेकून बसलेला. ताई आतल्या खोलीत, दार लोटून. मामा म्हणतो, "पोरीच्या घरून पहिलं कारड गेलं, अन् थे बी कोपरा कापेल! आता म्या कोन्या तोंडानं जाऊ त्याइच्या दारात?" आई माझ्याकडे वळते. "काहून कापला वं कोपरा? हात झडले नाही तुहे?" मी म्हणते, म्या नाही कापला. ती म्हणते, मंग कोनं, उंदरानं? मी रडत रडत म्हणते, "आई, तूनंच तं चारही कोपऱ्यांले हळद-कुंकू लावलं होतं ना. आठव ना वं." आणि आईची मान वळते. तिनं तुमच्याकडे पाहिलं, बाबा. मी तेव्हा तेवढंच पाहिलं की तिनं पाहिलं. का पाहिलं ते कळायला मला पन्नास वर्षं लागली. तुमचा अडकित्ता थांबला होता. तुमचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला आणि परत आला. आई म्हणाली, "मले नाही आठवत." आणि मग तुम्ही बोललात, तुमच्या त्या शांत, सगळ्यांना सांभाळून घेणाऱ्या आवाजात. "जाऊ द्या. लेकरू आहे. कैची हातात आली का भान नाही राहत तिले."

माझ्यावर ओरडला असतात तर परवडलं असतं. तुम्ही मला माफ केलंत! चोर सोडून संन्याशाला फाशी देतात हे ऐकून होते, इथं चोरानंच संन्याशाच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि संन्यासी, चौदा वर्षांची, तुमच्या कुशीत शिरून रडली, कारण सगळ्या घरात तुम्ही एकटेच आपल्या बाजूचे आहात असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा पत्र्याचा डबा तुम्ही स्वतः बंबात रिकामा केलात. आई म्हणाली होती घरात तो कागद नको, म्हणून. अबरीचा कागद जळताना हिरवा होतो, तेव्हा पाहिलं मी. त्याच पाण्यानं मला आंघोळ घातली गेली. एलिमेंटरीचा फॉर्म भरायचा विषय पुन्हा निघालाच नाही. आणि चार दिवसांनी तुम्ही माझ्यासाठी दुकानातून फ्रॉकचं कापड आणलंत, गुलाबी, बारीक बुट्टीचं, आपल्या ऐपतीबाहेरचं. तो फ्रॉक मी उसवेपर्यंत घातला, मैत्रिणींना सांगितलं, माझ्या बाबांनी आणला. आज ते आठवलं की अंगाची आग होते. तुम्ही माझ्या तोंडाला बुट्टीचं कापड बांधलंत, आणि मी मिरवलं.

ताईचं लग्न त्यानंतर तीन वर्षांनी झालं, बिजवराशी, पदरात त्याचा पाच वर्षांचा मुलगा. माणूस वाईट नव्हता, पण ताई त्याच्याबद्दल मला काही सांगायला कधी आली नाही. खरं तर ती मला काहीच सांगायला आली नाही. भांडली असती तर बरं होतं. नातेवाइकांत मी 'अवलक्षणी हाताची' झाले. कुणाच्या घरी लग्नपत्रिकांवर नावं घालायची असली की अक्षर चांगलं म्हणून माझी आठवण निघायची आणि मग कुणीतरी खाकरायचं. मी कचेरीत नोकरी धरली, टाइप करत आयुष्य काढलं. सगळ्यात वाईट काय झालं सांगू? काही वर्षांनी, तोंडानं 'म्या नाही' म्हणत असतानाही, मला वाटायला लागलं की कापला असेल मीच. कैची हातात असताना भान राहत नसेल मला. तुम्ही म्हणालात म्हणजे तसंच असेल.

गेल्या वर्षी आई गेली आणि तिची खोली आवरताना तुमची पेटी निघाली. त्यात तुमची स्वतःची नमुन्याची वही, दुकानाची नव्हे, आवडलेल्या कापडांची. पानापानावर त्रिकोण. मलमल, पॉपलिन, इरकल, खाली तुमचं ते तिरपं अक्षर. मी लाडानं पानं उलटत होते. शेवटून तिसऱ्या पानावर एक त्रिकोण कापडाचा नव्हता. निळा कागद, सोन्याचा काठ, जाड कार्डासकट कापलेला, आणि त्याच्यावर हळदीचा डाग, कुंकवाचा लालसर ठिपका. खाली लिहिलं होतं, 'धाकटीचे काम'.

कळलं मला सगळं. कार्ड पसंत पडलं, हात खिशात गेला, कोपरा कापला, वहीत चिकटवला. दुकानात कुणाला दाखवलाही असेल. दुनियेला कापलेला कोपरा म्हणजे सुतक, तुम्हाला तो पसंतीचा माल. तेवढी चूक मी मोठ्या मनानं सोडून देईन, बाबा. हाताची सवय होती, मनात माया होती, मान्य. पण त्या दुपारी पाटावर बसल्या बसल्या तुम्हाला सगळं समजलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. 'माह्या हातून झालं.' तुमच्यासारख्या भल्या माणसाच्या हातून झालं म्हटल्यावर मामा अमरावतीला जाऊन हातापाया पडला असता, कदाचित निभावलंही असतं. निदान ताईला मी शत्रू वाटले नसते. तुम्हाला तुमचा भलेपणा पोरीपेक्षा प्यारा झाला. आणि वर तो तुकडा जपून ठेवलात! फाडून टाकला असतात तर मी तुम्हाला निव्वळ भित्रा म्हणून मोकळी झाले असते. 'धाकटीचे काम' ह्या दोन शब्दांचं मी काय करू? पन्नास वर्षांपूर्वी मला ते वाचून दाखवले असतेत तर मी दुसरं काही मागितलं नसतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, त्याच वहीत त्याच पानात ठेवणार आहे. पण त्याआधी एक सांगायचं आहे, आणि ते सांगताना माझा रागही कमी झालेला नाही, हे लक्षात ठेवा. मागच्या महिन्यात मी ती वही पिशवीत घालून नंदनवन वस्तीत ताईच्या घरी गेले. ठरवूनच गेले, की चहा होऊ द्यायचा आणि वही पुढ्यात उघडायची. ताईची नात जमिनीवर पसारा मांडून बसली होती, भेटवस्तूंचे जुने चकचकीत कागद, लग्नपत्रिकांचे गणपती. शाळेत कुणाला तरी द्यायला कार्ड करत होती. ताईनं तिच्या हातातली कैची घेतली आणि माझ्यापुढे धरली. "घे, तू काप. तुह्यासारखं कोणाले येत नाही." मी कैचीकडे पाहत राहिले. ती म्हणाली, "जाऊ दे ना वं आता. लहान होती तू. म्या कधीचंच माफ केलं तुले, सांगायचं राहून गेलं." मी पिशवीत हात घातला. वही हाताला लागली. तेवढ्यात ती चहा गाळत, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "त्या वक्ताले सगळे तोंड फिरवून बसले होते. एकटे बाबा रोज माह्याजवळ येऊन बसत. तेवढ्यावरच मी तरली."

मी पिशवीतून हात बाहेर काढला आणि कैची घेतली. पन्नास वर्षं 'म्या नाही, म्या नाही' म्हणत आले होते. त्या दिवशी म्हटलं, "चुकलंच माह्यं, ताई."